रेंगाळणारा काटा : ३-५००झेड ट्यूबच्या एका घरगुती अ‍ॅम्प्लिफायरचे प्रकरण

ज्या अ‍ॅम्प्लिफायरचे, म्हणजे रेडिओ संदेशाची शक्ती वाढवणाऱ्या यंत्राचे, हे प्रकरण आहे, तो माझ्या टेबलावर आला तेव्हा त्याच्या मालकांची तक्रार एका वाक्यात मावत होती : ट्यून करायला घेतले की आत फटाक्यासारखा आवाज होतो आणि फ्यूज उडतो. मालक परवानाधारक हॅम (हौशी रेडिओचालक) आहेत, शंभर वॅटच्या ट्रान्सीव्हरवर (संदेश पाठवणाऱ्या व घेणाऱ्या संचावर) त्यांनी बरीच वर्षे काम केले आहे आणि सोल्डरिंगला त्यांचा हात चांगला आहे. मात्र अडीच-तीन हजार व्होल्टांच्या यंत्राशी त्यांचा हा पहिलाच संबंध होता. अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी स्वतः बांधलेला नव्हता. एका ज्येष्ठ हॅमने तो बांधला, वापरला आणि नंतर काही वर्षे नुसता ठेवून दिला. तेथून तो यांच्याकडे आला. सोबत सर्किटचा आराखडा नव्हता, त्यामुळे पहिला अर्धा दिवस तारांचा माग काढून कागदावर आराखडा उतरवण्यात गेला. तो वेळ वाया गेला असे मला वाटत नाही, कारण पुढचा सगळा तपास त्या कागदावरच झाला.

यंत्राची रचना परिचित होती. एकच ३-५००झेड ट्रायोड, म्हणजे फिलामेंट (तापून इलेक्ट्रॉन सोडणारी तार), ग्रिड (त्यांच्या ओघावर ताबा ठेवणारी जाळी) आणि प्लेट (ते गोळा करणारा भाग) असलेली ट्यूब; ग्रिड थेट चासीला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेले, ड्राइव्ह (ट्रान्सीव्हरकडून येणारी शक्ती) फिलामेंटवर आणि फिलामेंटच्या वाटेत फेराइटच्या दांड्यावर दुहेरी गुंडाळलेला चोक. या ट्यूबचे फिलामेंट ५ व्होल्टांवर सुमारे साडेचौदा अँपिअर घेते आणि तिचे प्लेट ५०० वॅट उष्णता सोसते. आउटपुटला पाय (π) नेटवर्क, म्हणजे ट्यूब आणि अँटेना यांची जुळणी करणारे, ट्यून व लोड या दोन कॅपॅसिटरांचे सर्किट. एच.टी.साठी (प्लेटला लागणाऱ्या उच्च व्होल्टेजसाठी) वेगळा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर आणि त्यामागे ४५० व्होल्टांचे, प्रत्येकी २२० मायक्रोफॅराडचे आठ इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर एकापुढे एक जोडलेले. लोड नसताना एच.टी. २७५० व्होल्ट, पूर्ण लोडवर साधारण २४५०. प्रत्येक कॅपॅसिटरवर १०० किलोओहमचा एक रेझिस्टर. पुढच्या पॅनेलवर तीन मीटर : प्लेट करंट, ग्रिड करंट आणि ५००० व्होल्ट स्केलचा एच.टी. मीटर.

झाकण उघडण्यापूर्वी मी मालकांना सगळा क्रम सावकाश सांगायला लावला. फटाका तीन वेळा झाला होता. पहिल्या दोन वेळा आठ अँपिअरचा फ्यूज उडाला. हातातले फ्यूज संपल्यावर त्यांनी वीस अँपिअरचा बसवला, आणि तिसऱ्या वेळी फ्यूज टिकला पण ग्रिड मीटरचा काटा स्केलच्या टोकाला आपटून वाकला. झाकणाखालचा सुरक्षा स्विच, म्हणजे झाकण उघडताच एच.टी. तोडणारा, तपासाच्या सोयीसाठी चिकटपट्टीने दाबून ठेवलेला होता. या दोन्ही गोष्टी त्यांनी स्वतःहून, थोड्या संकोचाने सांगितल्या. तिसरी गोष्ट मात्र त्यांनी तक्रार म्हणून सांगितलीच नाही, बोलता बोलता सहज निघाली : ‘‘एच.टी. मीटर जुना झालाय. बंद केल्यावर काटा झपकन खाली येतो, पण शेवटी जरा रेंगाळतो. बहुतेक पिव्हट घट्ट झाला असावा.’’

ते वाक्य मी वहीत लिहिले खरे, पण त्या क्षणी त्याचे महत्त्व मलाही कळले नव्हते.

उघडल्यावर काय दिसले

वीस अँपिअरचा फ्यूज काढून आठचा बसवला, ट्यूबला ड्राइव्ह न देता आणि ट्रान्समिट न करता केवळ एच.टी. चालू करून २७५० व्होल्टांची खात्री केली, मग बंद करून प्लग भिंतीतून काढला आणि प्लगची तिन्ही टोके डोळ्यांसमोर राहतील अशी टेबलावर ठेवली. ही माझी जुनी सवय आहे; स्विच बंद आहे या आठवणीपेक्षा समोर दिसणारा प्लग अधिक भरवशाचा. काटा भरभर उतरला आणि तळाशी आला. आम्ही तीन मिनिटे थांबलो. मालक टेबलाच्या डाव्या बाजूला उभे होते आणि तेथून पाहता काटा शून्यावर टेकल्यासारखा दिसत होता. त्यांनी झाकणाचे स्क्रू काढले, ट्यूबच्या डोक्यावरच्या प्लेट कॅपकडे हात नेला आणि विचारले, ‘‘शून्य झालंय. काढू?’’

मी त्यांना थांबवले, ते संशय आला म्हणून नव्हे, तर डिस्चार्ज रॉड लावल्याशिवाय आत हात घालायचा नाही हा नियम म्हणून. माझा रॉड म्हणजे हातभर लांबीची फायबरची नळी, टोकाला पितळी आकडा आणि त्याला जाड लवचीक तारेने जोडलेला चासीचा चिमटा. चिमटा आधी चासीला लावला, एक हात पाठीमागे घेतला आणि आकडा एच.टी.च्या टर्मिनलला टेकवला. चट् असा कोरडा आवाज झाला, निळी ठिणगी दिसली आणि आकड्यावर मोहरीएवढा काळा ठिपका उमटला.

समोरून मीटर पाहिला तेव्हा काटा शून्यावर होता. आता तो खरोखर शून्यावर होता आणि त्यामुळेच आधी तो शून्यावर नव्हता हे कळले. या स्केलवर प्रत्येक बारीक रेघ दोनशे व्होल्टांची आहे. काटा पहिल्या रेघेच्या किंचित पुढे होता, आणि बाजूने पाहणाऱ्याला तेवढे अंतर दिसत नाही. पाच हजारांच्या स्केलवर पावणेतीनशे व्होल्ट म्हणजे केवळ साडेपाच टक्के.

यानंतर जे घडले ते मला अधिक शिकवणारे वाटले. रॉड उचलून मी बाजूला ठेवला आणि मालकांशी बोलत राहिलो. अर्ध्या मिनिटाने सहज मीटरकडे नजर गेली, तर काटा पुन्हा पहिल्या रेघेवर चढलेला. प्लग टेबलावर, ट्रान्सफॉर्मर मेलेला, आणि ज्या टर्मिनलवर आत्ताच ठिणगी पडून गेली त्यावर दोनशेहून अधिक व्होल्ट परत आलेले. हाय व्होल्टेज प्रोब लावून पाहिला. आकडा खरा होता. काट्याचा पिव्हट निर्दोष होता.

रॉड पुन्हा लावला आणि या वेळी तो लावलेलाच ठेवून, साध्या मल्टिमीटरने एकेक कॅपॅसिटर मोजला. येथे एक सावधगिरी सांगायला हवी : साधा मल्टिमीटर बहुधा हजार व्होल्टांपर्यंतचाच असतो, त्यामुळे संपूर्ण एच.टी.वर तो कधीही लावू नये. येथे एका कॅपॅसिटरवर जास्तीत जास्त किती असू शकते याचा अंदाज होता म्हणूनच तो वापरला. सात कॅपॅसिटरांवर थोडेसे, तेही उलट्या खुणेचे व्होल्टेज होते. पाचव्यावर दोनशेच्या वर. त्याला दहा वॅटच्या एक किलोओहम रेझिस्टरमधून रिकामा केला, मग प्रत्येक कॅपॅसिटर वेगळा शॉर्ट केला, आणि नंतरच हात आत गेला.

पाचव्या कॅपॅसिटरवरचा रेझिस्टर बाहेरून धडधाकट दिसत होता, ना जळका डाग ना भेग. फक्त एका टोकाच्या टोपीपाशी रंग किंचित गडद. एक पाय सोडवून मोजला तर तो पूर्ण तुटलेला निघाला. उरलेले सात १०४ ते १२१ किलोओहमच्या दरम्यान सरकलेले होते.

एका रेझिस्टरने काय काय बिघडवले

मूळ बांधणाऱ्याने या आठ रेझिस्टरांकडून दोन कामे करून घेतली होती. पहिले, आठ कॅपॅसिटरांमध्ये व्होल्टेजची समान वाटणी. दुसरे, बंद केल्यावर साठलेला चार्ज जिरवणे. रचना चुकीची म्हणता येणार नाही, असंख्य अ‍ॅम्प्लिफायर अशाच बांधले जातात. पण यातला एक रेझिस्टर गेला की दोन्ही कामे एकदम जातात, आणि अ‍ॅम्प्लिफायर चालू असताना त्याचा कोणताही आवाज, वास किंवा घट समोर येत नाही. ट्यूब गेली तर आउटपुट पडते, रिले गेला तर ऐकू येणे बंद होते. हा रेझिस्टर गेला तर संपर्क पूर्वीसारखेच होत राहतात. तो तुटल्याचे दिसते ते फक्त यंत्र बंद झाल्यानंतर, आणि तेव्हा मीटरकडे पाहत बसणारे फार थोडे.

२७५० व्होल्ट आठांत वाटले की प्रत्येकी ३४४ येतात. १०० किलोओहममध्ये त्याची उष्णता सुमारे १.२ वॅट होते. बसवलेले रेझिस्टर २ वॅटचे होते, म्हणजे कागदावर पुरेसे. परंतु ते कॅपॅसिटरांच्या दोन रांगांमधल्या अरुंद फटीत, वाऱ्यापासून आडोशाला, बोर्डाला चिकटून बसवलेले होते. मोकळ्या हवेत २ वॅट सोसणारा रेझिस्टर अशा जागी तेवढे सोसत नाही. वर्षानुवर्षे भाजत राहिलेल्या कार्बन रेझिस्टरचे मूल्य वर सरकत जाते आणि एक दिवस आतली फिल्म तुटते. सातांचे वाढलेले आकडे त्याच वाटेवरचे टप्पे होते.

रेझिस्टर तुटल्यावर पाचव्या कॅपॅसिटरला दोन टोकांमध्ये स्वतःच्या गळतीखेरीज वाट उरली नाही. उरलेल्या सात रेझिस्टरांतून वाहणारा तीनेक मिलीअँपिअरचा करंट त्याला त्या गळतीतूनच पुढे न्यावा लागतो, म्हणून त्याच्यावरचे व्होल्टेज त्याच्या ४५० च्या मर्यादेपलीकडे, गळती तेवढी वाढेपर्यंत चढत जाते. अशा स्थितीत तो ४८० व्होल्टांच्या आसपास टेकला असेल तर त्याच्या पोटात सतत दीड वॅटची उष्णता होत राहणार. त्याचे डोके किंचित फुगले होते, आणि क्षमता मोजली तेव्हा २२० ऐवजी १५० मायक्रोफॅराड भरली. क्षमता कमी झालेला कॅपॅसिटर चालू करतानाच्या क्षणी मोठा वाटा घेतो, हे दुष्टचक्राचे पुढचे पाऊल : १५० मायक्रोफॅराडच्या वाट्याला सुरुवातीलाच ४७५ व्होल्ट येतात.

बंद केल्यानंतरचे गणितही सरळ आहे. धडधाकट सात कॅपॅसिटर आपापल्या रेझिस्टरमधून २२ सेकंदांच्या कालांकाने (व्होल्टेज सुमारे ३७ टक्क्यांवर यायला लागणाऱ्या वेळाने) रिकामे होतात. काटा ‘झपकन’ उतरतो तो यांच्यामुळे. पाचव्याला मात्र बाहेर पडायला एकच वाट आहे : एच.टी. मीटरचा ५ मेगाओहमचा रेझिस्टर आणि त्याच्यापुढे उरलेले ७०० किलोओहम. १५० मायक्रोफॅराड गुणिले ५.७ मेगाओहम म्हणजे ८५५ सेकंद, सव्वाचौदा मिनिटे. काट्याचे रेंगाळणे ते हेच. हाच मीटरचा करंट सात रिकाम्या कॅपॅसिटरांतून उलट दिशेने जातो, म्हणून त्यांच्यावर उलट्या खुणेचे व्होल्टेज दिसले.

आणि ठिणगीनंतर व्होल्टेज परत कसे आले? रॉड टेकला त्या क्षणी संपूर्ण साखळीच्या दोन टोकांमधले व्होल्टेज शून्य झाले, प्रत्येक कॅपॅसिटरचे नव्हे. पाचव्याने आपल्या चार्जचा एक लहान हिस्सा सोडला, त्याने उरलेल्या सातांना उलटे भरले, आणि दोन्हींची बेरीज शून्य आली. रॉड उचलताच सात जण आपापल्या रेझिस्टरमधून मोकळे झाले आणि पाचव्याचे व्होल्टेज पुन्हा टर्मिनलवर उघडे पडले. म्हणून रॉड टेकवून उचलणे ही डिस्चार्जची पद्धत नव्हे. काम संपेपर्यंत तो लावलेला राहिला पाहिजे, आणि कॅपॅसिटरांच्या साखळीवर काम करायचे असेल तर प्रत्येक कॅपॅसिटर स्वतंत्रपणे शॉर्ट केला पाहिजे.

पूर्ण भरलेल्या या साखळीत सुमारे १०४ जूल ऊर्जा असते. अडकून पडलेल्या चार्जची ऊर्जा त्याच्या तुलनेत किरकोळ, एकट्या पाचव्या कॅपॅसिटरमध्ये सात जूल आणि एच.टी.च्या टर्मिनलवर मिळणारी त्याहूनही कमी. परंतु तीनशे व्होल्टांचा एक झटका छातीतून कसा जाईल हे कोणी सांगू शकत नाही, आणि झटक्याने मागे ओढलेला हात पत्र्याच्या धारेवर किंवा काचेच्या ट्यूबवर आपटतो तो वेगळाच.

फटाक्याचे कारण

मूळ तक्रारीकडे मी जाणीवपूर्वक उशिरा वळलो. सुरुवातीला संशय ट्यून कॅपॅसिटरवर होता, पण त्याच्या पात्यांच्या कडा स्वच्छ होत्या. ठिणगी पडलेल्या जागी दिसणारे खड्डे कोठेही नव्हते. एच.टी.ला आउटपुटकडे जाऊ न देणारा ब्लॉकिंग कॅपॅसिटर व प्लेट चोकही शाबूत होते. राहिली ट्यूब. थंड ट्यूबच्या प्लेट आणि ग्रिडमध्ये, करंट मायक्रोअँपिअरमध्ये मर्यादित ठेवणाऱ्या चाचणी पुरवठ्यातून हळूहळू व्होल्टेज वाढवले, तेव्हा तीन हजारांच्या जवळ गळती एकदम उसळली. चांगल्या निर्वाताच्या ट्यूबने यापुढेही शांत राहायला हवे होते. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या ट्यूबमध्ये थोडा वायू जमलेला होता.

याला मालकांच्या ट्यून करण्याच्या पद्धतीची जोड मिळाली. लोड कॅपॅसिटर पूर्ण मिटवून, म्हणजे अँटेनाशी सांधा अगदी सैल ठेवून, ते ट्रान्सीव्हरची सगळी शंभर वॅट ड्राइव्ह देत आणि मग डिप, म्हणजे प्लेट करंट सर्वांत कमी होतो तो बिंदू, शोधत. या ट्यूबला पूर्ण आउटपुटसाठी निम्मी ड्राइव्हही पुरते. लोड सैल आणि ड्राइव्ह जास्त असली की प्लेटवरचे आर.एफ. (रेडिओ वारंवारतेचे) व्होल्टेज व ग्रिड करंट दोन्ही चढतात, आधीच एच.टी. असलेल्या प्लेटवर त्याची भर पडून शिखर एच.टी.च्या दुपटीजवळ पोचते. वायू असलेल्या ट्यूबला तेवढे निमित्त पुरे.

प्लेटपासून ग्रिडपर्यंत आर्क (ठिणगीचा झोत) पडला की त्याचा प्रवाह प्लेट, ग्रिड, चासी, ग्रिड मीटरचा शंट (मीटरला समांतर लावलेला लहान रेझिस्टर) आणि एच.टी.ची ऋण बाजू असा फिरतो. या वाटेत करंटला अडवणारे काहीही नव्हते. एच.टी.च्या धन तारेत ५० ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर असता तर करंट ५५ अँपिअरच्या आत राहिला असता. तो नसल्याने साखळीतले सगळे शंभर जूल काही मिलिसेकंदांत ट्यूबमधून आणि शंटमधून गेले. फ्यूजने यात काही वाचवले नाही, वाचवूही शकला नसता, कारण तो ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे असतो आणि कॅपॅसिटरांत साठलेल्या ऊर्जेवर त्याचा अधिकार चालत नाही. तो नंतरचा ओघ तोडतो. वीस अँपिअरच्या फ्यूजने तेही केले नाही.

ग्रिड शंटविषयी थोडे थांबून लिहिणे भाग आहे. तो १ ओहमचा होता. तिसऱ्या फटाक्यानंतर त्याच्यावरचा रंग पोळला होता आणि मूल्य ३.८ ओहम झाले होते. या यंत्रात एच.टी.ची ऋण बाजू चासीशी केवळ या एका शंटमधून जोडलेली होती. तो पूर्ण तुटला असता तर आर्कच्या क्षणी ऋण बाजू चासीच्या तुलनेत हजारो व्होल्ट खाली गेली असती, आणि मीटरच्या तारा, पॅनेलवरचे मीटर, ज्यांना हात लावताना कोणी विचार करत नाही, अशा सगळ्या जागा जिवंत झाल्या असत्या. शिवाय माझा डिस्चार्ज रॉड चासीला जोडलेला. ऋण बाजू चासीपासून सुटलेली असती तर एच.टी.ला रॉड लावून काहीही रिकामे झाले नसते आणि ठिणगी न पडल्यामुळे मी निर्धास्त झालो असतो. त्या दिवसापासून माझ्या रॉडला दुसरी तार आहे. तिचा चिमटा थेट ऋण टर्मिनलला लागतो.

दुरुस्ती

पाचवा कॅपॅसिटर तेवढा बदलावा असा मालकांचा आग्रह होता. मी तो मानला नाही. एका वयाचे आणि एकाच उष्णतेत राहिलेले सात जुने व एक नवा अशी जोडी क्षमतेत आणि गळतीत जुळत नाही. आठही नवे घेतले. रेझिस्टरांच्या बाबतीत एक बदल सुचवला : प्रत्येक कॅपॅसिटरवर १०० किलोओहमच्या एकाऐवजी २२० किलोओहमचे दोन, प्रत्येकी ३ वॅटचे मेटल ऑक्साइड, एकमेकांना समांतर. प्रत्येकात आता अर्ध्या वॅटहून थोडी अधिक उष्णता होते. त्यांतला एक तुटला तर व्होल्टेजची वाटणी तेव्हाही बिघडेल आणि त्या कॅपॅसिटरवर ताण येईल, हे नाकारता येत नाही. पण दुसरा त्याला चार-पाच मिनिटांत रिकामा करील, चार्ज अडकून पडणार नाही. रेझिस्टर बोर्डापासून बोटभर उचलून आणि पंख्याच्या वाऱ्यात येतील असे बसवले. रेझिस्टर निवडताना वॅटइतकीच त्याची व्होल्टेज मर्यादा पाहावी लागते. चौथाई वॅटचे पुष्कळसे रेझिस्टर अडीचशे व्होल्टांचेच असतात, आणि एच.टी. मीटरच्या साखळीत हीच चूक वारंवार आढळते.

धन तारेत ५० ओहम, ५० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर बसवला. पूर्ण करंटला त्यात २० व्होल्ट आणि ८ वॅट जातात, त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. ऋण बाजू आणि चासी यांच्यात १एन५४०८ प्रकारचे दोन डायोड उलटसुलट, समांतर जोडले. एरवी ते गप्प असतात, पण शंटवरचे व्होल्टेज एक व्होल्टाच्या आसपास पोचले की वाट मोकळी करून देतात आणि मीटर वाचतो. शंट नवा, ग्रिड मीटर नवा. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला सॉफ्ट स्टार्ट : ४७ ओहमचा रेझिस्टर आणि दोन सेकंदांनी त्याला वळसा घालणारा रिले. २३० व्होल्टांवर त्यामुळे सुरुवातीचा करंट पाच अँपिअरच्या आत राहतो आणि आठचा स्लो ब्लो फ्यूज निमूट बसून राहतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा बसवण्याचे एक कारण अशा रीतीने नाहीसे झाले.

आउटपुटच्या टोकापासून चासीपर्यंत असणारा अडीच मिलीहेन्रीचा चोक जागेवर होता, परंतु त्याच्या सोल्डरचा एक डाग सुका निघाला. ब्लॉकिंग कॅपॅसिटर शॉर्ट झाला तर एच.टी. अँटेनाच्या तारेवर जाऊ नये, ती या चोकमधून जमिनीला जाऊन फ्यूज उडावा, एवढ्यासाठीच तो असतो. हाही त्याच मुक्या जातीचा भाग. डाग नव्याने दिला. एच.टी.च्या तारा सिलिकॉन इन्सुलेशनच्या घेतल्या, पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट घातले. झाकणाच्या स्विचवरची चिकटपट्टी मालकांनी स्वतः काढली.

चालू करताना

फिलामेंटचा ट्रान्सफॉर्मर वेगळा असल्याने ट्यूबला आधी रात्रभर केवळ फिलामेंटवर ठेवता आले, पंखा अर्थातच चालू. पण या जातीच्या ट्यूबमध्ये वायू शोषणारा लेप प्लेटवर असतो आणि तो तापल्याशिवाय काम करत नाही, त्यामुळे नुसत्या फिलामेंटवर भिस्त ठेवून भागत नाही. दुसऱ्या दिवशी एच.टी.च्या प्रायमरीला व्हेरिअ‍ॅक (व्होल्टेज कमीजास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) लावून व्होल्टेज टप्प्याटप्प्याने चढवले. ट्यूब बनवणाऱ्या आयमॅकच्या तक्त्यात २५०० व्होल्टांवर ड्राइव्ह नसतानाचा प्लेट करंट सुमारे १३० मिलीअँपिअर आहे. आम्हाला १२५ मिळाला. म्हणजे ट्रान्समिटमध्ये नुसती ठेवली तरी ट्यूब तीनशे वॅटहून अधिक उष्णता सोसत असते. खोलीतला दिवा मालवल्यावर प्लेटवर मंद लाली दिसली. मालक घाबरले, त्यांना सांगावे लागले की ही लाली दोष नव्हे, या ट्यूबचा तो स्वभाव आहे, आणि आत्ता आम्हाला तीच हवी आहे. मधूनमधून विश्रांती देत तासभर असे केले. थंड झाल्यावर पुन्हा गळती मोजली, तेव्हा चार हजारांपर्यंत ती उसळली नाही.

मग डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर). ड्राइव्ह २० वॅट, ट्यून कॅपॅसिटरने डिप, लोडने आउटपुट वाढवणे, पुन्हा डिप, आणि मगच ड्राइव्ह थोडी अधिक. प्रत्येक वेळी दहा सेकंदांच्या आत हात आवरता घेणे. ७ मेगाहर्ट्झवर शेवटी २४५० व्होल्ट, ४०० मिलीअँपिअर प्लेट करंट, ११५ मिलीअँपिअर ग्रिड करंट आणि ५९० वॅट आउटपुट अशी नोंद झाली. आत ९८० वॅट, बाहेर ५९०. उरलेल्या पावणेचारशे-चारशे वॅटसाठीच तो पंखा आणि ट्यूबभोवतीची काचेची चिमणी. ग्रिड करंट वाढतो आहे आणि आउटपुट वाढत नाही, असे दिसले की लोड कमी पडतो आहे हे समजावे. मालकांनी ही गोष्ट दोन तासांत हातात बसवली. फटाका पुन्हा झाला नाही.

शेवटी एच.टी. पूर्ण चढवून यंत्र बंद केले, प्लग काढला आणि मालकांच्या हातात स्टॉपवॉच दिले. नव्या साखळीचा कालांक २४ सेकंदांचा. हिशोबाने ३० सेकंदांनी सुमारे ८००, मिनिटाने २३०, दीड मिनिटाने ७० व्होल्ट उरायला हवेत. त्यांनी वाचलेले आकडे होते ८२०, २५० आणि ‘रेघेच्या आत’. हे तीन आकडे त्यांनी तारखेसह एका कार्डावर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवले आणि खाली पुढच्या नोंदींसाठी रकाने आखले. पुढच्या महिन्यात फोन आला तेव्हा त्यांनी आउटपुट किती मिळते ते सांगितले नाही; ‘‘मिनिटाला अडीचशेच आहे,’’ एवढे सांगितले.